मामांची न ऐकलेली पाच वर्षं

माझ्या मामांइतका चांगला ऐकणारा माणूस नागपुरात दुसरा झाला नसेल. हे मी भाच्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. ज्यांनी ज्यांनी त्या काळी नागपूरहून काटोलला, वर्ध्याला, रायपूरला ट्रंक कॉल लावला, त्यांच्यातल्या निम्म्यांचं बोलणं मामांच्या कानांवरून गेलेलं आहे. आणि अशा माणसाला उतारवयात पाच वर्षं विनाकारण बहिरं ठेवण्यात माझ्याइतका हात दुसऱ्या कुणाचा नाही, हेही इथेच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या गमती सांगता सांगता मी ते सोयीस्करपणे विसरून जाईन. तशी मला सवय आहे.

मामा तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवून वाट पाहत बसावं लागे, आणि मधे बोर्डावर बसलेला एक माणूस हाताने वायर खोचून ही लाइन त्या लाइनला जोडून देई. तो माणूस म्हणजे मामा. कॉल साधा असेल तर ‘ऑर्डिनरी’, घाईचा असेल तर ‘अर्जंट’, आणि जिवावरचं काही असेल तर ‘लाइटनिंग’. निवृत्त झाल्यावरही मामांनी जगाची ही वर्गवारी सोडली नाही. मामीने स्वयंपाकघरातून हाक मारली की ते खुर्चीतूनच विचारत, ऑर्डिनरी का अर्जंट. मामी एकदा वैतागून ‘लाइटनिंग’ म्हणाली. मामा एकाच पायात चप्पल घालून धावले, तर तिला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून हवं होतं. त्यानंतर लाइटनिंगचा गैरवापर केल्यास खात्याकडून काय कारवाई होत असे, हे तिला जेवण संपेपर्यंत ऐकावं लागलं. दारात कुणी ‘आहे का कोणी घरात?’ असं विचारलं, की मामा आतून म्हणत, “कोणीही चालन का नेमका माणूस पाहिजे?” कारण नेमका माणूस पाहिजे असेल तर तो वेगळ्या प्रकारचा कॉल होत असे. वर्गणी मागायला आलेली किती तरी मंडळं या प्रश्नावर विचार करतच परत गेली.

त्यांच्या सवयींत सगळ्यांत बदनाम होती ती तीन मिनिटांची. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच येऊन विचारी, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायची का?’ हे वाक्य मामांच्या अंगात इतकं भिनलं होतं की समोरचा माणूस लांबण लावू लागला की ते आपोआप त्यांच्या तोंडून निघे. माझ्या लग्नात मुलीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिले. मामांनी घड्याळ पाहिलं, आणि बरोबर वेळेवर, अत्यंत नम्रपणे, खात्याच्या आवाजात त्यांना विचारलं. मुख्याध्यापकांना वाटलं, जेवणाची पंगत खोळंबली आहे. ते लगेच खाली बसले. मांडवातल्या लोकांनी त्या दिवशी मामांना जो दुवा दिला, त्यावरच मामा नव्वदीपर्यंत पोहोचले असं माझी बायको म्हणते.

पण मामांचा खरा मोठेपणा निरोपात होता. लाइन फारच खराब असली, दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकूच येत नसलं, तर ऑपरेटर मधे पडत असे. इकडचं वाक्य ऐकून तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे. त्यात मामांचा नियम एकच होता, शब्द बदलायचा नाही. शिवी असेल तर शिवी, रडणं असेल तर ‘तिकडून रडून राहिले’. माझी आई, म्हणजे मामांची मोठी बहीण, आणि मामी यांचं वर्षातून दोनदा तरी बिनसत असे. मग आई पुढच्या खोलीत, मामी स्वयंपाकघरात आणि मधल्या दारात मामा उभे. “ताई म्हणते, तुह्या वरणात डाळ शोधाले कंदील लागते.” “तिले म्हणा, कंदील घेऊन या मंग काटोलहून.” मामा तोंडावरची रेषही न हलवता दोन्हीकडचं पोहोचवत. एकदा मामीने चिडून विचारलं, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे. मामा म्हणाले, “माहं काय म्हणणं? मी एक्स्चेंज आहो.” यावर दोघीही हसल्या आणि भांडण तिथंच मिटलं. मामांना मात्र कुणाला हसू का आलं ते कळलं नाही. ते आपलं काम करत होते.

कानावर पडलेलं बाहेर काढायचं नाही, हाही त्यांचा एक नियम होता. जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या एका दुकानात मामी भाव करू लागली, दुकानदार दोन वाक्यं बोलला, आणि मामांनी मामीचा हात धरून सांगितलं, इथे भाव करायचा नाही, सांगतील त्या किमतीत घे. का म्हणून मामीने घरी येईपर्यंत विचारलं, पुढे वर्षभर विचारलं. मामांनी त्या माणसाचा आवाज ओळखला होता एवढं नक्की. त्याने कुठल्या गावी, कुणाशी, काय बोलणं केलं होतं की मामांना त्याच्याशी घासाघीस करवेना, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी काटोलहून कॉलेजसाठी नागपूरला आलो आणि सात वर्षं मामांच्या खामल्याच्या घरी राहिलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामी माझ्या डब्यात रोज एक पोळी जास्त घाले. पहिल्या वर्षी मी नापास झालो. वडिलांना फोन लावायला तारघरात गेलो, कॉल लागला आणि मी वडिलांना सांगितलं की निकाल अजून लागलेला नाही. वडील ‘बरं’ म्हणाले. मग दोन्हीकडून कुणीच काही बोलेना. त्या शांततेत मामांचा आवाज आला, अगदी परक्यासारखा, खात्याचा. तीन मिनिटं झाली, वाढवायची का? खरं तर दोनच झाली असतील. मी म्हणालो, वाढवा. आणि वडिलांना खरं सांगितलं. संध्याकाळी घरी मामा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मामीला तर चार दिवसांनी माझ्याकडूनच कळलं.

असा माणूस सत्तरीनंतर हळूहळू बहिरा होत गेला. आधी एका कानाला मशीन आलं, मग दुसऱ्याला. ऐंशीच्या सुमाराला दोन्ही मशिनं टेबलाच्या खणात गेली, कारण त्यांतून नुसता कलकलाट ऐकू येई, शब्द येत नसे. घरात लहान मुलांची पांढरी पाटी आणि काळा पेन आला. मामांनी सुरुवातीला हेही आपल्या पद्धतीने निभावून नेलं. टाकी भरली का ते पाहायला ते भिंतीला तळहात लावून मोटरचा थरथराट तपासत. दूधवाल्याच्या वेळेला फाटकावर हात ठेवून उभे राहत, कडी वाजली की हाताला कळे. पण माणसांचा थरथराट भिंतीतून येत नाही. चार जण हसले की मामा विचारत, काय झालं. आणि आम्ही सगळे, त्यात मी पहिला, हाताने ‘काही नाही’ अशी खूण करत असू. पाटीवर लिहायचा कंटाळा. मोठा विनोद लिहून सांगेपर्यंत त्याचा जीव जातो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. थोड्याच दिवसांत मामांनी विचारणं सोडलं. लग्नाकार्याला येणं सोडलं. चौकातल्या चहाच्या टपरीवर सकाळची बैठक होती, तीही सोडली. बसल्या जागी डोळे मिटून घेत. माझ्या एका चुलतभावाने ‘म्हातारं भ्रमलं’ असं म्हटलं, आणि मी त्याला अडवलं नाही.

मामा ब्याऐंशी वर्षांचे असताना मी त्यांना कानाच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर माझ्याकडे पाहून बोलत होते. मामा शेजारी, मांडीवर पाटी, तिच्यावर दोन्ही हात. डॉक्टर म्हणाले, “वय आडवं येत नाही. प्रकृती ठणठणीत आहे, डोकं तल्लख आहे. यांना आता बाहेरच्या मशीनचा उपयोग नाही, पण इम्प्लांट केलं तर ऐकू येईल. उशीर मात्र करू नका.” मग त्यांनी समजावलं की कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात एक बारीक तार सरकवतात, आणि बाहेरून कानामागे लावलेलं यंत्र आवाज पकडून त्या तारेतून थेट मज्जातंतूला पोहोचवतं. ऑपरेशननंतर वर्षभर सराव करावा लागतो. आठवड्यातून दोनदा घेऊन यावं लागेल, घरी रोज कुणीतरी बसावं लागेल.

मामांनी विचारलं, “काय म्हणते डॉक्टर?”

मी पाटीवर लिहिलं, ‘या वयात ऑपरेशन नको म्हणतात.’

पैशाचं कारण असतं तर निदान सांगायला बरं होतं. तेही नव्हतं, मामांचं पेन्शन होतं आणि मदत मिळण्यासारखी होती. ऑपरेशनची भीती वाटली हे खरं, पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं हे की माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं, ऑफिसात रजा मिळत नव्हती, आणि आठवड्यातून दोनदा वर्षभर हे ऐकल्याबरोबर माझ्या मनाने परस्पर उत्तर देऊन टाकलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने ऐकून ऐकून आता काय ऐकायचं आहे, असंही मला वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते. मामांनी पाटी वाचली, चष्मा काढला, डॉक्टरांना हात जोडून म्हणाले, “ठीक आहे साहेब, थँक यू.” डॉक्टरांना वाटलं, विचार करून येतो म्हणतात. मामांना माझ्या निरोपावर शंका घेण्याचं कारणच नव्हतं. मधला माणूस शब्द बदलतो, हे त्यांच्या जगात बसत नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षं गेली. मामी सकाळी उठल्यापासून बडबड करणारी बाई, तीही गप्प झाली. पाटीवर ती ‘चहा’, ‘जेवण’, ‘औषध’ एवढंच लिही. पाटी पुसून पुसून करडी झाली.

एके दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी भाजी द्यायला त्यांच्या घरी गेलो. मामा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून खूश झाले. “ये गा. तुही मामी कुठं गेली काय माहीत, चहाच नाही झाला अजून,” म्हणाले. मामी मागच्या न्हाणीघरात पडली होती. मामांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर. दहा वाजल्यापासून ती हाका मारत होती, आता तिचा आवाज बसला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात मामांनी मला एकच विचारलं, तिने किती वेळ हाका मारल्या. मी पाटीवर लिहिलं, ‘थोडा वेळ.’

मामी बरी झाली, वॉकर घेऊन चालू लागली, आणि मी मामांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. तेव्हा मामा सत्त्याऐंशीचे होते. पुन्हा तपासण्या. डॉक्टर म्हणाले, आताही ऐकू येईल, पण सरावाला वेळ जास्त लागेल, मधे कान फार दिवस रिकामा राहिला. मी पाटीवर लिहिलं, ‘ऑपरेशन होते म्हणतात.’ मामांनी विचारलं, “आता होते, मंग तेव्हा काहून नाही?” मी लिहिलं, ‘नवीन मशीन आलं.’ खोट्याला पुढे खोटं लागतच जातं, हे मी त्या पाटीवर शिकलो.

ऑपरेशन सुरळीत झालं. मामांना भुलीची भीती नव्हती. तार कुठे सरकवणार याचं चित्र मात्र त्यांनी डॉक्टरांकडून कागदावर काढून घेतलं आणि मान डोलावून म्हणाले, म्हणजे वायर डायरेक्ट बोर्डात खोचली. तीन-चार आठवड्यांनी यंत्र चालू करायचा दिवस आला. मामी वॉकरसकट हजर होती. सराव घेणारी मुलगी काळजीत होती. इतक्या वयाची माणसं पहिल्या दिवशी निराश होतात, आवाज माणसासारखा वाटत नाही, डब्यात कुणी खिळे हलवल्यासारखा येतो, हे तिने मला आधी सांगून ठेवलं होतं. तिने यंत्र लावलं, चालू केलं, आणि मामांचे डोळे मोठे झाले. मी घाईने पाटीवर लिहिलं, ‘आवाज सुरुवातीला असाच येणार.’ मामांनी पाटी बाजूला सारली. “बाई, काळजी नको करू,” ते त्या मुलीला म्हणाले. “पावसाळ्यात काटोलची लाइन अशीच राहे. मी तीस वर्षं अशाच आवाजातून माणसं काढली.”

मग मामीला पुढे केलं. एवढ्या लोकांत काय बोलावं तिला सुचेना. ती पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, “चष्मा पुसा जरा.” मामांनी क्षणभर वाट पाहिली, कॉल लागायची पाहतात तशी. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामीने मात्र काचेवर डाग तसाच राहिल्याचं सांगितलं.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे मामांची दुसरी नोकरीच. तोंड कागदाने झाकून वाक्य म्हणायचं आणि मामांनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं, असा सराव असे. मामांनी त्यासाठी वही घातली. वाक्य बरोबर आलं की ‘लागला’, चुकलं की ‘नाही लागला’, तारखेसह. सराव घ्यायला रोज मामी बसे, आणि लवकरच तिच्या लक्षात आलं की ही फार सोयीची गोष्ट आहे. ती कागदाआडून म्हणे, तुमच्या बहिणीने माझं पितळी पातेलं नेलं ते परत दिलं नाही. मामा गंभीरपणे म्हणत, तुमच्या बहिणीने माझं पितळी पातेलं नेलं ते परत दिलं नाही. आणि वहीत लिहीत, ‘लागला’. उलट उत्तर देणं सरावात बसत नव्हतं. मामी म्हणे, साठ वर्षांच्या संसारात मला इतकं सुख कधी मिळालं नाही.

यंत्राच्या गमतीही झाल्या. त्याची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. ती दुपारी मामा लोखंडी कपाटाला टेकून बसले की कपाटाला चिकटून राही आणि मामा तिच्याशिवाय उठून जात. मग घरभर शोधाशोध. एकदा ती मामीच्या वॉकरच्या दांडीवर मिळाली, म्हणजे सकाळभर वॉकर आमचं बोलणं ऐकत होता. पण दोन-चार महिन्यांत मामा कुकरच्या शिट्ट्या मोजू लागले. फाटकावर हात ठेवून उभं राहणं बंद झालं. टपरीवरच्या बैठकीत परत जाऊन बसले, आणि तिथल्या एका लांबण लावणाऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी तीन मिनिटं झाल्याचं कळवलं. भ्रमल्याचं बोलणाऱ्या चुलतभावाला त्यांनी त्याच्या मुलाच्या नोकरीबद्दल असे बारीक प्रश्न विचारले, की तो घाम पुसत बाहेर आला. मामांचं डोकं कुठेच गेलं नव्हतं. ते एकटं पडलं होतं.

मला आनंद होत होता आणि त्या आनंदाला आतून वाळवी लागली होती. प्रत्येक ‘लागला’ बरोबर मी मोजत होतो की हे पाच वर्षांपूर्वी लागलं असतं. आणि एके दिवशी तपासणीच्या वेळी डॉक्टर हसत मामांना म्हणाले, “आजोबा, मी तर तेव्हाच म्हणालो होतो, करून टाका म्हणून. विचारा तुमच्या भाच्याला.” वाक्य मामांना पूर्ण लागलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. घरी येईपर्यंत ऑटोत ते काही बोलले नाहीत. पुढचे तीन दिवसही नाहीत. माझ्याशी नीट वागले, मुलीची चौकशी केली, फक्त तो विषय काढला नाही. कानावर पडलेलं बाहेर काढायचं नाही, हा नियम ते माझ्यासाठीही पाळत होते, आणि तेच मला सहन होईना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. मामा ओसरीवर खुर्चीत होते, मामी आत भाजी निवडत होती. मी खाली पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं, जे जे पाटीवर लिहिलं होतं ते. मुलीची बारावी, रजा, माझा कंटाळा. मामी दोन तास हाका मारत होती, थोडा वेळ नाही, हेही.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तेव्हा डॉक्टर काय बोलला ते सांग. त्याचे शब्द सांग, तुहे नको.”

मी सांगू लागलो. प्रत्येक वाक्यानंतर मामा ते परत म्हणत होते, सरावात म्हणतात तसं. वय आडवं येत नाही. प्रकृती ठणठणीत आहे, डोकं तल्लख आहे. इम्प्लांट केलं तर ऐकू येईल. शेवटचं वाक्य, उशीर मात्र करू नका, हे त्यांनी परत म्हटलं नाही. मी काहीतरी ऐकायची वाट पाहत होतो. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“पाच वर्षं,” ते म्हणाले. “त्या पाच वर्षांत तुही मामी काय काय बोलली असन गा.”

आतून मामीचा आवाज आला, भाजी निवडतानाचा, साधा. “काही नाही बोलली. कोणाशी बोलू?”

मामा उठले. खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या दारात नेली आणि बसले. “आता बोल वं,” म्हणाले. “पहिल्यापासून सांग.”

मामीने खरंच सुरुवात केली. रोज दुपारी चार वाजता चहा झाला की ती त्या पाच वर्षांतलं सांगायला बसे, अगदी ओळीने. पहिल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी शेजारच्यांकडे पाहुणे आले ते दहा दिवस राहिले. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, रामटेकच्या गडावर गेलो तेव्हा तुम्ही पुढे निघून गेलात आणि मी मागून किती हाका मारल्या. तुमच्या भाच्याने आणलेली वांगी किडकी होती, पण लिहायला पाटी सापडेना म्हणून मी तशीच चिरली. मामा प्रत्येक वाक्य परत म्हणत. कधी हसत. कधी म्हणत, हे तेव्हाच सांगायचं होतं. रविवारी मी जाऊन बसे. माझं नाव त्यात वरचेवर येई, आणि मामा तेही जसंच्या तसं परत म्हणत. मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. मी गेलो की माझ्यासाठी एक खुर्ची मात्र त्या दारात आधीच मांडलेली असे.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. न्यूमोनिया झाला, आठवडाभराचं निमित्त. तेव्हा ती सांगत सांगत तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत आली होती.

मामा आता नव्वदीचे आहेत. तेराव्यानंतर मी गेलो तेव्हा त्यांनी यंत्र लावलं, खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात घेतली आणि मला म्हणाले, “पुढचं तू सांग.”

मला सांगता येईना. त्या वर्षांत मी त्या घरी आठवड्यातून दोनदा जात होतो, भाजी ठेवत होतो, ‘काही नाही’ म्हणत होतो. मामी ओट्याशी उभी राहून माझ्याशी बोलत असे, पण ती काय बोलली हे मला एक वाक्यही धड आठवत नाही. तेव्हापासून मी शेजारीपाजारी हिंडतो. दूधवाल्याला विचारलं, भाजीवालीला विचारलं, दोन घरं पलीकडच्या शिंपीणबाईंना विचारलं, की मामी तुमच्याशी तेव्हा काय बोलायची. लोकांना आधी नवल वाटतं, मग त्यांना आठवू लागतं. मिळेल ते मी लिहून आणतो आणि चार वाजता मामांना सांगतो. एक शब्दही बदलत नाही.

काल भिंतीपलीकडच्या काकूंना एक वाक्य आठवलं. चौथ्या वर्षीच्या कैऱ्यांच्या दिवसांतलं. मामी भिंतीपाशी उभी राहून त्यांना म्हणाली होती, “यंदा लोणचं थोडंच घालतो बाई. मीठ बरोबर आहे का इचाराले पाटी शोधा लागते.”

मी ते मामांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सावकाश परत म्हटलं, मामीच्याच चालीत. मग माझ्याकडे पाहिलं.

“आणखी?” म्हणाले.

आणखी माझ्याकडे काही नव्हतं.